गेट नंबर दोन, पण कुठल्या कंपनीचे?

चाकण एमआयडीसीत माल घेऊन आलेल्या ट्रकचालकाला फोनवर ‘गेट नंबर २ वर या’ एवढेच सांगितले, तर तो विचारतो, ‘कुठल्या कंपनीच्या?’ कंपनीच्या आतल्या कामगाराला मात्र हा प्रश्न पडत नाही. त्याच्यासाठी गेट २ म्हणजे आपल्याच कंपनीचे.

याच पट्ट्यात तयार होणाऱ्या गाड्यांमध्ये आता इंजिनपासून ब्रेकपर्यंत बरेच काम सॉफ्टवेअर सांभाळते. तिथेही एकाच नावाच्या अनेक गोष्टी असतात. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून सी प्लस प्लससारख्या संगणकभाषांत ‘नेमस्पेस’ असते. नेमस्पेस म्हणजे नावांभोवतीचे कुंपण. एका कुंपणात दुसरेही घालता येते.

समजा, ‘वाहन’ या कुंपणाच्या आत ‘ब्रेक’ हे कुंपण आहे. ब्रेकच्या प्रोग्रॅममध्ये नुसते ‘वेग’ लिहिले, तर कंपायलर ते नाव आधी ‘ब्रेक’मध्ये शोधतो, मग ‘वाहन’मध्ये आणि शेवटी सर्वांत बाहेर. जिथे पहिल्यांदा सापडेल, तिथेच शोध थांबतो.

धोका नेमका इथेच आहे. आज ‘वेग’ फक्त ‘वाहन’मध्ये आहे आणि तो ताशी किलोमीटरमध्ये मोजला जातो. उद्या कुणी ‘ब्रेक’मध्ये चाकाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनाही ‘वेग’ हेच नाव दिले, तर जुन्या ओळी तोच नवा आकडा उचलू लागतात. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीचे चाक मिनिटाला साधारण ५०० फेऱ्या घेते. म्हणजे ६० च्या जागी ५००! दोन्ही आकडेच असल्याने कंपायलर सहसा तक्रारही करत नाही.

उपाय सोपा आहे, पूर्ण पत्ता लिहायचा: ‘वाहन::वेग’. पण त्यातले ‘वाहन’ही आतूनच शोधले जाते. म्हणून सुरुवातीलाच ‘::’ लिहिले, की शोध थेट सर्वांत बाहेरून सुरू होतो.

वाहन उद्योगाने हा धोका जुन्या काळापासून ओळखला आहे. सी भाषेत नेमस्पेस नाही. पण कंसातल्या कंसात नावे शोधण्याची रीत हीच. त्या भाषेसाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्रा सी’ नियमावलीत आतल्या नावाने बाहेरचे नाव झाकू नये, असे बजावले आहे.

ट्रकचालकाला शंका आली, तर तो फोन करून विचारतो. कंपायलर विचारत नाही. म्हणून पत्ता पूर्ण लिहिण्याची जबाबदारी माणसाचीच.