आधी नंबराचा कागद, मग चष्मा

परभणीच्या बाजारात चष्म्याचं दुकान शोधावं लागत नाही. ‘डोळे मोफत तपासून मिळतील’ अशी पाटी दिसली की आपण आत शिरतो, आणि खर्चाचं गणित तिथेच बिघडतं. नंबर ज्याने काढला त्याचीच फ्रेम, त्याचीच काच, त्याचंच कोटिंग. पैशाची ओढाताण असेल तर ही दोन कामं वेगळी करावीत. डोळे दवाखान्यात तपासावेत आणि चष्मा चार ठिकाणी भाव विचारून घ्यावा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी मोफत आहे. गंगाखेडचं उपजिल्हा रुग्णालय असो की जवळचं ग्रामीण रुग्णालय, नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून जावं. नाहीतर हेलपाटा होतो आणि रोजही बुडतो.

नंबराचा कागद मागून घ्याच. दोन बुबुळांमधलं अंतर त्यावर बहुधा नसतं, तेही मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर बरोबर नंबराच्या चष्म्यानेही डोकं दुखतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात येईपर्यंत थांबावं. साखर वरखाली होते तसा नंबरही हलतो आणि नवा चष्मा वाया जातो.

दुकानात ‘पातळ काच घ्या’ असा आग्रह होतो. नंबर तीन-चारच्या आत असेल तर साधी प्लास्टिकची काच पुरते. उणे नंबर मोठा असला तरी छोटी, गोलसर फ्रेम निवडली की कडा आपोआप कमी जाड दिसतात. जुनी फ्रेम धड असेल तर फक्त काचा बदलून घ्याव्यात. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना तेही बघावं.

शाळकरी मुलांना आणि गरजू वृद्धांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. पथक शाळेत तपासून गेलं आणि चष्मा आला नाही, तर पालकांनी मुख्याध्यापकांकडे पाठपुरावा करावा. पासष्टी पूर्ण झालेल्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये खात्यावर जमा होतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. त्यातून चष्मा घेता येतो. बिल मात्र जपून ठेवावं.

मधल्या वयाचं काय? चाळीस ते साठमधली शिलाई करणारी बाई, डाळ निवडणारी बाई यांच्यासाठी फारसं काही नाही, आणि हे मला फार खटकतं. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, तर त्यांची पानं तोडण्याची क्षमता चष्मा नसलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्म्याचे पैसे मजुरीतूनच फिटतात, ते असे.

एकदा डॉक्टरांकडून डोळे तपासून, दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखा आणि तिरका नंबर नसल्याची खात्री झाली, की अशा कामाला बाजारातला तयार चष्माही चालतो. घेताना तो हातभर लांब धरून काचेतून दाराची चौकट बघावी आणि चष्मा हळूच हलवावा. चौकटीची रेघ लाटेसारखी वाकडी झाली तर काच खराब. तो ठेवून दुसरा उचलावा. मुलांसाठी मात्र असा चष्मा कधीच घेऊ नये.