ताप उतरल्यानंतरचं कुपोषण

पावसाळ्यात परळ-लालबागच्या चाळींत डेंग्यू, फ्लूचे रुग्ण वाढतात. ताप उतरला, तरी अनेक घरांत पेज, टोस्ट आणि चहावरच आठवडे निघतात. कुपोषण फक्त हाडकुळ्या माणसाचं, असं आपण धरून चालतो. खरं तर शरीराला लागणारी ऊर्जा, प्रथिनं (स्नायू घडवणारा अन्नघटक) आणि जीवनसत्त्वं पुरेशी न मिळणं म्हणजे कुपोषण. तापात गरज वाढते आणि भूक मरते. १९८२च्या मुंबईच्या गिरणी कामगारांच्या संपात पगार थांबल्यावर याच गिरणगावातल्या घरांनी दागिने मोडून चूल पेटती ठेवली. तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडून इंधन मिळवतं. म्हणून पोट सुटलेल्या माणसालाही हाताचा टेकू घेतल्याशिवाय खुर्चीतून उठवत नाही.

पेज वाईट नाही. सुरुवातीला ती पचते, पाणीही पुरवते. पण वाटीभर पेजेत प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम, एका अंड्यात सुमारे ६. भूक नसेल तर मुगाचं घट्ट वरण, दही, अंडं किंवा कमी तिखट मासळी थोडी थोडी, पाच-सहा वेळा द्यावी. डेंग्यूत बरं होताना प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) आपोआप वाढतात. त्या वाढाव्यात म्हणून दिलं जाणारं किवी जरूर खावं, जेवणाऐवजी मात्र नको. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.