थाळीफेकीचा मॅक विल्किन्स

एकाच दुपारी, सलग तीन फेकींत तीन विश्वविक्रम! १ मे १९७६, सॅन होजे, कॅलिफोर्निया. मॅक विल्किन्सने थाळी आधी ६९.८०, मग ७०.२४ आणि लगेच ७०.८६ मीटर फेकली. मला तर त्याच वर्षीच्या माँट्रियल ऑलिंपिक सुवर्णापेक्षा ही दुपारच जास्त भारी वाटते.

गंमत म्हणजे ओरेगन विद्यापीठात हा गडी मुळात भालाफेकीत चमकत होता. कोपर दुखावलं आणि थाळी हातात आली. पुढे १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये रौप्यही मिळवलं.

नंतर पोर्टलंडच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात तो फेकीच्या प्रकारांचा प्रशिक्षक झाला. अमेरिकन कॉलेजांत साधारणपणे मुख्य प्रशिक्षक अख्खा ॲथलेटिक्स संघ सांभाळतो. थाळी, गोळा, हातोडा, भाला ही खाती सहायकाकडे. त्यामुळे जुन्या थाळीफेकपटूंची तिथे हमखास वर्णी लागते.

आणि शिकवायचं तरी काय? अडीच मीटरचं वर्तुळ, दोन किलोची थाळी (मुलींची एक किलोची), दीड गिरकी. नवखी पोरं हाताने जोर लावतात, तिथेच घोळ होतो. आधी पाय आणि कंबर फिरायला हवी, हात मागे रेंगाळायला हवा. थाळी मुठीत धरायचीच नाही. ती बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकते आणि सुटताना तर्जनीवरून भिरभिरत निघते. समोरून बेताचा वारा असेल तर उलट जास्त लांब जाते. मैदानावर नक्की बघा!