कट्ट्यामागचे साडेबारा पैसे

"सिगारेट कंपन्यांची, बिडी आपल्या लोकांची." गोंदिया जिल्ह्यात हे वाक्य मी पानठेल्यावर ऐकलं, तेरवीच्या पंगतीत ऐकलं, आणि परवा एका निवृत्त गुरुजींकडून ऐकलं. बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बिडी वळणारी शेजारीण असते, मे महिन्यात झुंजुमुंजू होताच तेंदूपत्त्यासाठी देवरी-सालेकसाच्या जंगलात शिरणारी मावशी असते. आपला पैसा अशा हातांत जावा, ही इच्छा चांगलीच आहे. म्हणूनच तिच्या नावावर बिडीचा कट्टा विकला जातो, तेव्हा राग येतो.

पैसा कसा फिरतो ते बघा. घरी बिडी वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजार बिड्यांमागे. पान आणि तंबाखू ठेकेदार देतो, तयार माल तोच तपासून घेतो. त्याला न पटलेल्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला जातात, त्यांची मजुरी बुडते. खप वाढला तर काम वाढेल, हे खरं. पण तुम्ही एकाऐवजी दोन कट्टे ओढलेत म्हणून तिचा हजारी दर एका पैशाने वर जात नाही.

"पण कल्याण निधीला तर पैसे जातात ना?" जात होते. 1976 च्या कायद्याने बिडीवर उपकर बसला. शेवटी त्याचा दर हजार बिड्यांना पाच रुपये होता, म्हणजे 25 च्या कट्ट्यामागे साडेबारा पैसे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. आज कट्ट्यावर भरलेला कर सरकारच्या सामान्य तिजोरीत जातो. कामगाराच्या नावाने वेगळा काढलेला एक पैसाही त्यात नाही.

बिडी वळणारीला खरा आधार असतो तो ठेकेदाराच्या वहीतल्या नावाचा. 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं. पण ठेकेदाराने नावच लिहिलं नाही, तर ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधी मिळवताना तिची दमछाक होते. कोणता मालक नावं नोंदवतो, हे कट्ट्यावर छापलेलं नसतं. ते वळणाऱ्या बाईलाच विचारावं लागतं.

पान झाडाचं म्हणून बिडी सौम्य, हेही चूक. मुंबईत सुमारे एक लाख लोकांचा काही वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका 1.37 पट, तर बिडी ओढणाऱ्यांत 1.64 पट निघाला. वळणारीच्याही नाकातोंडात दिवसभर तंबाखूची धूळ जाते.

"कंपनी शाळेला मदत करते, म्हणजे चांगली." बिडीच्या व्यवसायातल्या मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, तेव्हा अशा खर्चाची सक्ती करणारा कुठलाही कायदा नव्हता. आज ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कंपनी कायदा, 2013 नुसार बंधनकारक आहे. तेवढ्यावरून मालकाची नियत ठरवू नका.

"बारकोड 890 ने सुरू झाला की माल स्वदेशी." नाही. तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिला, एवढंच त्यातून कळतं. माल कुठे बनला आणि कंपनी कोणाची, हे कळत नाही.

"तेंदूपत्त्याचा भाव ठेकेदारच ठरवणार." तसं राहिलेलं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदूपत्ता गौण वनोपजात धरला आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना तो विकण्याचा अधिकार दिला. 2013 मध्ये गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी एकत्र येऊन आपला पत्ता स्वतः विकायला काढला. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक पोतं. त्याचा भाव गावाने बसून ठरवायचा आणि न पटलेल्या व्यापाऱ्याला परत पाठवायचं. मावशीसाठी काही करायचं असेल, तर पुढच्या हंगामाआधी तिच्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसा.