फोन नंबर उलटा वाचला तर

एसटीडी बूथच्या भिंतीवर गावांच्या कोडांचा तक्ता लावलेला असे. मुंबई ०२२, कोल्हापूर ०२३१, रत्नागिरी ०२३५२. आपली पाळी येईपर्यंत तो वाचत उभे राहणे हा माझा शाळकरी वयातला विरंगुळा होता. या कोडांमागचा हिशेब मात्र बराच उशिरा कळला. सुरुवातीचे शून्य सोडले तर मुंबईचा कोड दोन अंकी आहे आणि तिथले क्रमांक आज आठ अंकी आहेत. कोल्हापूरचा कोड तीन अंकी, क्रमांक सात अंकी. रत्नागिरीचा कोड चार अंकी, क्रमांक सहा अंकी. बेरीज सगळीकडे दहाच! मोठ्या शहराला जास्त क्रमांक लागतात, म्हणून त्याचा कोड आखूड.

अशा क्रमांकात एक वाट दडलेली असते. अमेरिकेतील अल्मन स्ट्रॉउजर यांना १८९१ मध्ये ज्या स्वयंचलित यंत्राचे पेटंट मिळाले, त्याच्या वंशातल्या यंत्रांत तर ही वाट डोळ्यांना दिसे. आपण एक अंक फिरवला की केंद्रातला एक धातूचा हात तेवढी घरे सरके, पुढचा अंक फिरवला की पुढचा हात. सगळे अंक फिरवून होईपर्यंत तारेला तार जोडली गेलेली असे. म्हणजे क्रमांक ही रस्ता सांगणारी सूचनाच होती: इथून डावीकडे, मग तिसरे वळण, मग पाचवे घर.

मोबाईल आल्यावर ही वाट पुसट होऊ लागली. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली आणि मग नंबराच्या पहिल्या अंकांवरून कंपनी ओळखण्याचीही खात्री उरली नाही. आता फोन लावला की आधी एका नोंदवहीत पाहावे लागते, की हा नंबर सध्या कोणाकडे नांदतो आहे. रस्ता सांगणाऱ्या क्रमांकाचे अशा रीतीने नुसते नाव झाले, आणि नाव म्हटले की नावावरून पत्ता सांगणारे कोणीतरी लागते.

हीच अडचण इंटरनेटवरून बोलणाऱ्यांपुढे त्याआधीच उभी राहिली होती. इंटरनेटवरून बोलायचे तर आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजतात. प्रत्येक मापन ८ बिटांत लिहिले तर सेकंदाला ६४,००० बिट होतात. त्यांची छोटी पाकिटे करून, प्रत्येकावर पत्ता घालून ती जाळ्यात सोडायची. पण पत्ता कोणता घालायचा?

समजा, एका कारखान्याने आपले सगळे फोन इंटरनेटवर आणले आहेत आणि दुसऱ्या शहरातील एका महाविद्यालयानेही तसेच केले आहे. कारखान्यातला माणूस महाविद्यालयाचा नंबर फिरवतो. कारखान्याच्या यंत्रणेपुढे नुसते अंक येतात. ते कोणत्या संगणकाचे, हे तिला ठाऊक नाही. मग ती बिचारी हा फोन जुन्या दूरध्वनी जाळ्याच्या स्वाधीन करते. तिथे पाकिटे उलगडून पुन्हा साधा फोन केला जातो आणि महाविद्यालयाच्या दारात पुन्हा त्याची पाकिटे बांधली जातात. दोन्ही टोके इंटरनेटवर असूनही मधल्या प्रवासाचे भाडे पडते, आवाज थोडा बिघडतो आणि चित्रफोन असेल तर चित्र वाटेतच गळून पडते. अशी कितीतरी बेटे तयार झाली होती. समुद्र एकच, पण बेटावरून बेटावर जायचे ते विमानाने!

यावर स्वीडनच्या पॅट्रिक फाल्टस्ट्रम यांनी सप्टेंबर २००० मध्ये एक सुटसुटीत उपाय मानकाच्या रूपात मांडला. त्याला 'ईनम' म्हणतात. इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणारी एक जगभर पसरलेली नोंदवही आधीपासून होती: १९८३ पासूनची डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस. संकेतस्थळाचे नाव टाइप केले की त्याचा अंकी पत्ता हीच शोधून देते. मग फोन नंबराचेच डोमेन नाव का करू नये?

मात्र एक मेख होती. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे: व्यक्ती, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. डोमेन नावही तसेच. सर्वांत मोठा विभाग शेवटी. फोन नंबर मात्र मोठ्याकडून लहानाकडे जातो: देश, शहर, केंद्र, घर. तेव्हा नंबर उलटा करायचा, प्रत्येक अंकानंतर टिंब द्यायचे आणि शेवटी एक ठरलेली शेपटी जोडायची. +९१ २२ १२३४ ५६७८ हा काल्पनिक नंबर घेऊ. (मुंबईचे क्रमांक १ ने सुरू होत नाहीत, त्यामुळे कोणाला त्रास नको.) त्याचे नाव होईल: ८.७.६.५.४.३.२.१.२.२.१.९.ई१६४.आर्पा. ई१६४ हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या क्रमांकविषयक मानकाचे नाव आहे. त्यानुसार देशाच्या कोडासह नंबरात जास्तीत जास्त १५ अंक असू शकतात.

आता हे नाव उजवीकडून वाचा. सर्वांत वरच्या वहीत फक्त एवढेच लिहिलेले असते की १.९ ने संपणाऱ्या नावांची वही कोणाकडे आहे. ती देशाची वही. ती पुढे शहराच्या किंवा कंपनीच्या वहीकडे बोट दाखवते. सगळ्या जगाचे नंबर कोणालाच पाठ करावे लागत नाहीत. शेवटच्या वहीत नोंद सापडते: या नंबरासाठी प्रथम अमुक संगणकावरील अमुक इंटरनेट फोनवर प्रयत्न करा, तो न लागल्यास अमुक ईमेलवर निरोप ठेवा. नोंदच नसेल तर जुन्या जाळ्याने जायचे. वर्गात मुलांना आपापले वहीवाले नेमून हा खेळ खेळायला सांगावा. दहा मिनिटांत कल्पना पक्की होते.

ऑस्ट्रियाने डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सर्वप्रथम व्यावसायिक पातळीवर सुरू केली. इतरही काही देश पुढे आले. तरीही जगभराची एक खुली वही काही भरली नाही. तंत्र सोपे होते, खोट वेगळीकडेच होती.

डीएनएसमध्ये कोणीही काहीही विचारू शकतो. शब्दांची नावे अंदाजाने शोधणे कठीण, पण नंबर ओळीने विचारता येतात. रत्नागिरीचे सहा अंकी क्रमांक फार तर दहा लाख. सेकंदाला हजार प्रश्न विचारणाऱ्या संगणकाला ते सगळे तपासायला १००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटेही लागत नाहीत. खुल्या वहीतून नको असलेल्या फोनवाल्यांना आयती यादीच मिळाली असती. शिवाय नंबर आपल्या मालकीचा नसतो, तो वापरायला मिळालेला असतो. आपण सोडून दिला की काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. नोंद जुनीच राहिली तर नव्या माणसाचे फोन जुन्याकडे जातील. म्हणून प्रत्येक नोंदीवेळी, आणि नंतरही वरचेवर, नंबर खरोखर त्याच माणसाकडे आहे ना हे तपासणे आले. हा खर्च कोणी करायचा? आणि ज्या कंपन्यांची कमाई मधल्या भाड्यावर होती, त्यांनी भाडे बुडवणारी वही आपल्या हातांनी का भरावी? मला तरी हे शेवटचे कारण सर्वांत वजनदार वाटते.

दरम्यान लोकांनी वेगळीच वाट धरली. व्हॉट्सॲपही माणसाला नंबरावरूनच ओळखते, पण त्याची वही त्याच्या मालकाजवळ असते.

फाल्टस्ट्रम यांची युक्ती मात्र वाया गेली नाही. ४जी फोनवरचे बोलणे पाकिटांतूनच जाते. आपण दहा अंक दाबतो तेव्हा त्या नंबराचा इंटरनेटसारखा पत्ता शोधण्यासाठी मोबाईलच्या जागतिक मानकांत ईनमचीच पायरी ठेवलेली आहे: अंक उलटे करा, टिंबे द्या, वहीला विचारा. फक्त ही वही कंपन्यांच्या कुंपणाच्या आत असते, आणि बाहेरच्याने विचारलेल्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही.