गाडीच्या श्वासाची वाट स्वच्छ ठेवूया



पापड-लोणचं, शेळीपालन, गांडूळखत यांबद्दल आपण पुष्कळ बोललो. आज गाडीबद्दल बोलू. यवतमाळ जिल्ह्यात आता गटाचा माल बंडीतून कमी आणि पिकअपमधून जास्त जातो. कुठे गाडी गटाच्या पैशांतून घेतलेली असते, कुठे एखाद्या ताईच्या घरची असते आणि भाड्यानं सगळ्यांचा माल नेते. वणी असो की पुसद, दारव्हा असो की पांढरकवडा, तुरीचं पोतं बाजारात पोचवायला तीच लागते. २०१७ साली केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तेव्हापासून बचत गटातल्या बाईला प्रवासी गाडीसाठीही बिनव्याजी कर्जाची सोय झाली. म्हणजे गाडीच्या कागदावर बाईचं नाव येऊ लागलं आहे.

कागदावर नाव आलं तरी गाडी बिघडली की आपण बाजूला उभ्या राहतो. ड्रायव्हर आणि मिस्त्री काय बोलतात ते समजत नाही, आणि शेवटी बिल तेवढं आपल्या हाती येतं. गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत एक खेप हुकली तर भाडं गेलं, हमाली गेली आणि त्या दिवसाचा लिलावही गेला. म्हणून आज एकच काम नीट समजून घेऊ. ते आहे थ्रॉटल बॉडी साफ करणं. दोन तासांचं, काही शे रुपयांचं काम आहे आणि दोघी मिळून सहज होतं.

आधी थ्रॉटल बॉडी म्हणजे काय ते बघू. चूल कशी पेटते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. लाकूड कितीही घाला, हवा मिळाली नाही तर नुसता धूर होतो. फुंकणीनं फुंकलं की जाळ उठतो. पेट्रोलच्या इंजिनाचंही तसंच आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ही हवा एअर फिल्टरमधून गाळून येते, मग रबरी नळीतून इंजिनात जाते. वाटेत एक धातूचा गोल तुकडा असतो, त्यात पातळ चकती बसवलेली असते. पाटाच्या पाण्याला जसं दार असतं, तसं हे हवेचं दार. आपण एक्सलेटर दाबतो तेव्हा ही चकती उघडते आणि जास्त हवा आत जाते. किती हवा आली ते पाहून पेट्रोल सोडलं जातं. हा तुकडा म्हणजेच थ्रॉटल बॉडी.

आता गाडी जागेवर उभी आहे, इंजिन चालू आहे आणि पाय एक्सलेटरवर नाही. अशा वेळी चकती जवळजवळ बंद असते. केसाएवढ्या फटीतून जी हवा जाते, तिच्यावरच इंजिन तग धरतं. काही जुन्या गाड्यांत त्यासाठी बाजूला वेगळी बारीक वाट असते. इंजिनातली तेलाची वाफ आणि काजळी उलट इथपर्यंत येते आणि चकतीच्या कडेला चिकटते. दारावर मेणचट काळा थर बसतो आणि फट बुजत जाते. फिल्टर फाटका असेल तर वावरातली धूळही त्यात मिसळते. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या हंगामात हवेत उडणारी रुई, दोन्ही भरपूर. म्हणून फिल्टर सांभाळणं हे या कामातलं पहिलं पाऊल.

थर साचला की गाडी कशी वागते? उभी असताना इंजिनाचा आवाज वरखाली होतो. गतिरोधकाजवळ किंवा वळणावर पाय उचलला की गाडी बंद पडते. एक्सलेटर पहिल्यांदा दाबताना तो अडकल्यासारखा वाटतो, मग गाडी एकदम उसळी मारते. पांढरकवड्याजवळ नागपूर-हैदराबाद महामार्ग ओलांडताना भरली गाडी अशी मध्येच बंद पडली तर मागून येणारा ट्रक थांबेलच असं नाही. तेव्हा ही नुसती कटकट म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही.

काम हाती घेण्याआधी आपली गाडी कोणती ते बघा. आज सांगतोय ते पेट्रोलच्या आणि सीएनजीच्या गाडीसाठी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ पिकअप डिझेलच्या आहेत. डिझेलमध्ये ताकद कमी-जास्त होते ती मुख्यतः इंधनाच्या मापानं. नव्या डिझेल गाड्यांतही हवेच्या वाटेवर झडप असते, पण तिच्यावरची काजळी जाड असते आणि भाग बहुधा खोलून काढावा लागतो. ते काम मिस्त्रीकडे द्या. गाडी वॉरंटीत असेल तर तीही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

दुसरी ओळख अशी. काही जुन्या गाड्यांत एक्सलेटरपासून थ्रॉटलपर्यंत तार जाते. पॅडल दाबलं की ती ओढली जाते. नव्या गाड्यांत, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमाच्या पेट्रोल गाड्यांत साधारणपणे, तार नसते. एक छोटी मोटर चकती फिरवते. दोन्हींची रीत थोडी वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

सामान काय लागेल? थ्रॉटल बॉडी क्लीनरचा एक डबा, पेचकस, बॅटरीच्या मापाचा पाना, मऊ दातांचा जुना टूथब्रश, हातमोजे, चष्मा आणि तीन-चार फडकी. फडकं धुतलेल्या जुन्या सुती साडीचं चांगलं, कारण त्याचे धागे सुटत नाहीत. कापसाचा बोळा मात्र नको. आपला जिल्हा कापसाचा असला तरी त्याचे तंतू इंजिनात जाऊन उपयोग नाही. रॉकेल, पेट्रोल, थिनरही वापरू नका. काही थ्रॉटल बॉडींना आतून पातळ लेप दिलेला असतो, तो त्यानं निघू शकतो.

आता सुरक्षिततेचं. काम उघड्यावर, सपाट जागी करा. स्प्रे पटकन पेट घेतो, म्हणून जवळ चूल, विडी, दिवा, काहीच नको. वाफ नाकात जाऊ देऊ नका. गरोदर बाईनं आणि लेकरांनी दूर राहावं. पदर खोचून घ्या. धातूच्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा, कारण बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. सीएनजीची गाडी असेल तर टाकीजवळची हातानं बंद करायची झडप आधी बंद करा. गॅसचा वास येत असेल तर काम थांबवा, गाडी सुरू करू नका.

आता पायरी-पायरीनं बघू.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा, चावी काढून दुसरीच्या हाती द्या.

२. बॅटरीची उणे बाजूची, म्हणजे काळी तार सोडवा.

३. इंजिनाचं झाकण उघडा. लहान पिकअपमध्ये इंजिन बहुधा सीटखाली असतं. एअर फिल्टरचा डबा शोधा आणि त्यातून निघणाऱ्या जाड नळीचा माग काढत जा. ती जिथे धातूला भेटते तिथे थ्रॉटल बॉडी आहे. काही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

४. नळीची पट्टी पेचकसनं सैल करा आणि नळी हलकेच ओढा. वायरचा प्लग आड येत असेल तर त्याची खिट्टी दाबून काढा, वायर ओढू नका. नळीला चीर आहे का बघा. चिरेतून न मोजलेली हवा आत गेली तरी गाडी अशीच वागते.

५. आता चकती दिसेल. कडेला काळा थर असेल तर काम बरोबर जागी आहे. चकती स्वच्छ असेल तर बिघाड दुसरीकडे आहे. नळी परत लावा आणि पैसे वाचवा.

६. स्प्रे फडक्यावर मारा, थेट आत मारू नका. थेट मारला तर घाण इंजिनात जाते आणि द्रव मोटर किंवा सेन्सरपर्यंत पोचू शकतो. ओल्या फडक्यानं चकतीचा दर्शनी भाग, तिची कड आणि भोवतालची भिंत पुसा. घट्ट थरावर ब्रश हलक्या हातानं फिरवा. चाकू, तारेची घासणी लावू नका.

७. तारेची गाडी असेल तर बाजूचा दांडा हातानं फिरवून चकती उघडा आणि आतली कडही पुसा. मोटरची गाडी असेल तर चकती बोटानं ढकलू नका; आतल्या बारीक दात्यांना इजा होते. चावी चालू असताना तर तिथे बोट न्यायचंच नाही, चकती अचानक फिरून बोट चेमटतं. समोरून जेवढं पुसता येईल तेवढं पुसा, बाकीचं मिस्त्रीकडून करून घ्या.

८. फडकं काळं निघेनासं झालं की थांबा. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. नळी, पट्टी, प्लग फोटोप्रमाणे लावा. बॅटरीची काळी तार सगळ्यात शेवटी. घाण फडकी चुलीत घालू नका.

यानंतर गाडी सुरू करताना सेल्फ जास्त मारावा लागू शकतो, क्षणभर धूरही येईल. मोटरच्या गाडीत इंजिनाचा आवाज आधीपेक्षा चढा वाटू शकतो. कारण असं की, फट बुजत गेली तशी गाडीच्या कॉम्प्युटरनं चकती थोडी जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. आता वाट मोकळी झाली आणि जुन्याच सवयीनं जास्त हवा आत जाते. नवी सवय लागायला थोडा वेळ द्यावा लागतो. प्रत्येक गाडीची त्यासाठीची रीत तिच्या पुस्तिकेत दिलेली असते. काही गाड्यांना मिस्त्रीचा स्कॅनर लावावा लागतो. त्याआधी माल भरून महामार्गावर जाऊ नका. गावातल्या गावात एक फेरी मारून बघा.

एक प्रश्न नेहमी येतो: साफ केल्यावर मायलेज वाढेल का? त्यासाठी हे काम करू नका. गाडी उभी असताना नीट चालावी, मध्येच बंद पडू नये, एवढं याच्याकडून मागा. काळा धूर, डॅशबोर्डवर पेटून राहिलेला इंजिनाचा दिवा, चढावर ताकद न लागणं याची कारणं स्पार्क प्लग, इंधनाचा फिल्टर, इंजेक्टर अशी दुसरी असू शकतात. दुसरा प्रश्न: किती दिवसांनी करायचं? ठरावीक तारीख नाही. एअर फिल्टर बघायला डबा उघडाल तेव्हा चकतीवरही नजर टाका. थर दिसला आणि गाडी कुरकुरत असेल, तरच हात घाला.

शेवटी एक सुचवतो. गटाची बचतीची वही असते, तशी गाडीची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, काय केलं, किती पैसे गेले, कुणी केलं, एवढंच लिहा. मिस्त्रीकडे गेलात की वही पुढे ठेवा आणि विचारा, “चकती आम्ही पुसली, नळीला चीर नाही, फिल्टर मागच्या महिन्यात बदलला, आता पुढे काय बघायचं?” एवढं सांगितलं की मिस्त्रीला शोध घ्यायला सोपं जातं आणि बिलातली प्रत्येक ओळ कशाची आहे ते आपल्यालाही कळतं. पुढच्या बैठकीत ती वही उघडा आणि पहिल्या पानावर आजच्या तारखेचे किलोमीटर लिहा.