जागरणाची गोळी

परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थ्याच्या खोलींतील दिवा उशिरापर्यंत जळतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याचा तर वर्षभर विझत नाहीं. अमेरिकेंतील कांहीं वैद्यक विद्यार्थी या जागरणासाठीं उत्तेजक गोळ्या परस्पर मिळवून घेतात. आपल्या कुटुंबांतील मुलें शिक्षणासाठीं तिकडे जात असल्यामुळें या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

सन १९३७ मध्यें ईस्ट प्रॉव्हिडन्स येथें डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं ३० मुलांस बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध आठवडाभर दिलें. मुलें अधिकच चंचल व्हावयाचीं, पण घडलें उलटें! १४ मुलांच्या अभ्यासांत विलक्षण सुधारणा दिसली. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठांत या औषधाचे प्रयोग चालले असतां त्याची वार्ता विद्यार्थ्यांत पसरली व परीक्षेसाठीं तें घेण्याची चाल पडली. सदुपयोग आणि दुरुपयोग हीं अशीं जुळीं भावंडें होत. पुढें १९४४ मध्यें स्वित्झर्लंडांत सिद्ध झालेलें मेथिलफेनिडेट, म्हणजेच रिटालिन, याचीही तीच गत झाली.

अवधानाचा विकार, ज्यास एडीएचडी म्हणतात, तो खरा आहे. त्यांत अशा औषधानें पुष्कळांस मन एकाग्र करतां येतें. निरोगी मनुष्यास मात्र तें बुद्धि देत नाहीं. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४० निरोगी माणसांस अशीं औषधें देऊन अवघड कोडीं घातलीं; त्यांचे परिश्रम वाढले, पण परिश्रमांची प्रत घसरली. शिवाय वाचलेलें स्मरणांत मुरतें तें झोपेंत, आणि गोळी पहिला घाला घालते तो झोपेवर. मग भूक मंदावते, हृदयाची धडधड वाढते, आणि व्यसनाचें भय उरतेंच.

वैद्यक विद्यार्थ्याचा धोका आणखी निराळा आहे. विकाराचीं लक्षणें त्यास तोंडपाठ असतात. तीं डॉक्टरांपुढें म्हणून दाखविणें त्यास कठीण नाहीं. म्हणूनच आजचें शास्त्र विचारतें कीं, वयाच्या १२ वर्षांपूर्वीं यांतील कांहीं लक्षणें दिसत होतीं काय? विसाव्या वर्षीं, परीक्षेच्या आठवड्यांत, हा विकार नव्यानें उपजत नसतो.

या प्रश्नाचें उत्तर आई, आजी व काका यांच्यापाशीं असतें. वस्तू हरवणारें, अर्ध्या पानावरून उठणारें, हुशार असून गणित अपुरें सोडणारें मूल आपण सरसकट आळशी ठरवितों. तेंच मूल पुढें डॉक्टर होऊं लागलें, तर लौकिकाच्या भयानें आपली व्यथा लपवितें आणि मित्राच्या डबींतील गोळी घेतें. अमेरिकेंत १९७१ पासून आणि आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें हीं औषधें नियंत्रणाखालीं आहेत. मित्रास गोळी देणें हाही गुन्हाच होय.

तेव्हां घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच : मुलास गुण विचारण्यापूर्वीं झोप विचारा. शंका वाटल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे मुलाबरोबर जा आणि त्याचें बाळपण जसें होतें तसें सांगा. उद्यां ज्याच्या हातीं रोग्याची नाडी द्यावयाची, त्यास आज स्वतःचें दुखणें सांगण्याची लाज वाटूं नये.